स्वसाक्षांकित हापूस

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी जगातल्या यच्चयावत मोबाइलांनी मला चोर ठरवलं, तेव्हा मी ओटीवर बसून पन्हं पीत होतो.

चोर! आणि मी! उभी हयात शाळेत घालवली, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. रत्नागिरी तालुक्यातल्या निम्म्या घरांत माझ्या सहीची आणि गोल शिक्क्याची एक तरी ‘सत्यप्रत’ सापडेल. माझ्या सहीवर पोरं पोलिसात लागली, बँकेत लागली, दुबईला गेली. (एक जण पुढे एका पुढाऱ्याचा स्वीय सहायक झाला, पण गुणपत्रिका खरी होती, बाकी माझी जबाबदारी नाही.) आणि अशा माणसाबद्दल एका यंत्राने लाल पान दाखवून सांगावं, की इथे हल्लेखोर असू शकतात, मागे फिरा? आता सगळं निस्तरलंय म्हणतात, पण माझा राग अजून निस्तरलेला नाही.

मुळात दोष माझा नव्हताच. आमची पावसच्या वाटेवर कातळावर आंब्याची कलमं आहेत, माझी आणि धाकट्या भावाची, विलासची मिळून. दरवर्षी आंबा पेट्या भरून वाशीला दलालाकडे जायचा. दलाल म्हणेल तो दर्जा, देईल तो भाव. यंदा आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे सुलभाने, जाहीर केलं, “एकही पेटी वाशीला जायची नाही. मी विकणार. थेट लोकांच्या घरी.”

विलास बँकेतून निवृत्त झालेला. कुठल्याही नव्या गोष्टीकडे तो कर्ज मागायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतो.

“वहिनी, आंबा म्हणजे काय कोकम नव्हे, वर्षभर डब्यात राहायला. गिऱ्हाईक नाय मिळालं तर काय करणार? कॅनिंगला घालणार?”

कॅनिंगला, म्हणजे कारखान्यात रस काढायला. तिथे हापूस किलोवर जातो आणि मालकाची मान खाली जाते.

“मिळेल गिऱ्हाईक,” सुलभा म्हणाली.

“आणि नाय मिळालं तर?”

“तर पुढच्या वर्षीपासून तुम्ही म्हणाल तसं, भावजी. मुकाट वाशी. मी परत तोंड उघडणार नाही.”

आमच्या घरात सुलभा तोंड उघडणार नाही, ही कल्पनाच इतकी भयंकर होती की आम्ही दोघांनीही हात टेकले.

आमची मुलगी मुग्धा बेंगळुरूला कॉम्प्युटरात आहे. तिने आईला वेबसाइट करून दिली. बागेचे फोटो, आंब्याचे फोटो, मधे एक आईचा फोटो (माझा नाही, विचारलं तर म्हणाली, “बाबा, लोक आंबे घ्यायला येणार आहेत”) आणि खाली ऑर्डरचं बटण. वर पत्त्याच्या शेजारी एक चिमुकलं कुलूप. त्या कुलपाकडे माझं कधी लक्षही गेलं नव्हतं.

अक्षय्य तृतीया तोंडावर आली. फळं उतरवून माजघरात पेंढ्यात अढी लावली. घरभर वास सुटला. सुलभा सकाळ-संध्याकाळ पेंढा उचलून बघायची आणि म्हणायची, “रविवारपर्यंत तयार होतील हो.” ऑर्डरीही येऊ लागल्या होत्या. आणि नेमक्या गुरुवारी सकाळी पुण्याच्या देसाईबाईंचा फोन आला, की साइट उघडत नाही, सुरक्षित नाही म्हणते.

मी मुग्धाला फोन लावला.

“अरे देवा! बाबा, सर्टिफिकेट संपलं असणार. पहिलं चाचणीपुरतं, महिनाभराचं होतं.”

“सर्टिफिकेट संपतं? माझं बी. एड. अजून चालू आहे!”

“तसलं नाही हो. हा साइटचा दाखला असतो. एक त्रयस्थ संस्था खात्री करते की ही साइट आपलीच आहे, आणि तसा दाखला देते. फोनला तो दाखला दिसला की तो कुलूप दाखवतो. नाही दिसला की बोंब मारतो.”

“मग काढ की नवा.”

“काढते ना, पण आज-उद्या मला श्वास घ्यायला वेळ नाही. शनिवारी सकाळी पहिलं काम ते. तोवर हात लावू नका. मी तीन टूल्स पाठवते घरच्या ग्रुपवर, दाखला बनवायची. त्यातलं पहिलं मी वापरणार आहे. बाकीची दोन फक्त तुमच्या माहितीसाठी.”

आता मला सांगा, निवृत्त मुख्याध्यापकाला कुठलीही गोष्ट ‘फक्त माहितीसाठी’ पाठवावी का? माहिती मिळाली की निर्णय घ्यायचा, हीच आमची आयुष्यभराची सवय. शनिवारपर्यंत अढी थांबणार होती का? मी ताबडतोब बैठक बोलावली. विलास आला, सुलभा पेंढ्याचे हात झटकत आली.

“पहिलं साधन,” मी चष्मा लावून वाचलं. “दाखला फुकट. मुदत तीन महिने.”

“तीन महिने?” विलास म्हणाला.

“तीन महिने! रेशनकार्डात एक नाव घालायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. आणि फुकट! फुकट दाखला देणारा माणूस मी एकच बघितलाय, आणि तो मी आहे.”

“मुग्धा तेच वापरणार म्हणतेय ना?” सुलभा म्हणाली.

“ती लहान आहे.” (ती छत्तीसची आहे.)

दुसरं साधन विकतचं होतं. विलासचे डोळे चमकले. “हेच घ्यायचं, दादा. पैसे घेतो तो जबाबदारी घेतो.” त्याने तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात हिंदीतून बोलली. दाखल्याचे तीन प्रकार होते, एकापेक्षा एक चकचकीत. विलासने सगळ्यात चकचकीत निवडला. मग मुलीने गोड आवाजातच सांगितलं, की त्यासाठी कंपनीच्या नोंदणीची कागदपत्रं पाठवा. आमची कंपनी म्हणजे सुलभा, पेंढा आणि माजघर! विलासने विचारलं, “सातबारा चलेगा क्या?” सातबारा म्हणजे काय, ते तिने विचारलं. विलासने समजावायला घेतलं. सामायिक जमीन, त्यावर आमच्या आजोबांच्या चुलतभावांपासूनची नावं, त्यातली बरीचशी वारलेली, काही मुंबईला, एक जण बेपत्ता... तो तिसऱ्या पिढीपर्यंत पोचला तेव्हा मुलीने फोन ठेवला.

मग मी तिसरं साधन वाचलं, आणि ताडकन उभा राहिलो. या साधनात कुणा त्रयस्थाची गरजच नव्हती. आपला दाखला आपणच तयार करायचा आणि आपणच त्यावर सही करायची!

“स्वसाक्षांकन!” मी ओरडलो.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी कुठल्याही कागदाच्या नकलेवर आमच्यासारख्या जबाबदार माणसाची सही-शिक्का लागायचा. मग सरकारला वाटलं, लोकांना कशाला हेलपाटे, ज्याचा कागद त्यानेच सही करावी. (त्या दिवसापासून माझ्या ओटीवरची सकाळची रांग संपली. त्यावर मी स्वतंत्रपणे संतापलेला आहे.) पण आज तोच निर्णय कामी येत होता. खुद्द सरकार ज्याच्या-त्याच्या सहीवर विश्वास ठेवतं, तिथे मोबाइल कोण लागून गेला? आमच्या बागेची खात्री कुणा परक्याने का म्हणून द्यायची? त्याने आमची कलमं बघितलीत? तो कधी पावसला आलाय?

“मुग्धाने हात लावू नका सांगितलंय,” सुलभा म्हणाली.

“तुला रविवारी आंबे पाठवायचे आहेत की नाहीत?”

तिने माजघराकडे बघितलं. आणि मी लॅपटॉप उघडला.

ते साधन फार सभ्य होतं. देश विचारला, राज्य विचारलं, गाव विचारलं, संस्थेचं नाव विचारलं. मुदत किती, हेही मलाच विचारलं! मी दहा वर्षं लिहिली. (वीस लिहिणार होतो, पण म्हटलं उगाच अहंकार नको.) क्षणात दोन लांबलचक, अगम्य मजकूर तयार झाले. फोटो चढवायला म्हणून मुग्धाने साइटचा पासवर्ड मला दिला होता. आत एका पानावर ‘दाखला इथे डकवा’ अशा अर्थाची चौकट होती, तिथे दोन्ही डकवले.

साइट उघडली, तर लाल पान! म्हणे, हा दाखला कोणी दिला ते ओळखू येत नाही. मी एक व्हिडिओ बघितला आणि लॅपटॉपच्या पोटात शिरून त्याला लेखी बजावलं, की हा दाखला देणारा गृहस्थ माझ्या पूर्ण माहितीतला असून विश्वासू आहे. झालं! कुलूप आलं!

“सुलभा! विलास! या बघायला!”

दोघं आली. विलासने कुलूप नीट निरखलं, अगदी नोट निरखावी तसं. सुलभाचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, एवढ्यासाठी तरी माणसाने शिकावं.

“मग कळवू सगळ्यांना?”

“कळव!”

तिने गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर लिहिलं, की साइट पुन्हा सुरू झाली आहे, ऑर्डर द्यावी. मी त्या रात्री फार छान झोपलो.

शुक्रवारी सकाळपासून फोन सुरू झाले. पहिल्या अर्थातच देसाईबाई.

“अहो, लाल पान येतंय. हल्लेखोर माहिती चोरतील, असं लिहिलंय.”

“माझ्याकडे तर उघडतंय!”

“माझ्याकडे नाही उघडत.”

“तुमचा फोन जुना आहे का?”

“गेल्या महिन्यात घेतलाय.”

“मग त्याला अजून शिस्त लागली नसेल.”

ठाण्याहून फोन, नाशिकहून फोन, कोल्हापूरहून एक गृहस्थ तर म्हणाले, “सर, आमच्याकडं पार स्क्रीन रक्तानं माखल्यागत दिसतंय!” सगळ्यांना मी एकच उत्तर दिलं, माझ्याकडे तर उघडतंय! आता मागे वळून बघता लक्षात येतं, की माझ्या लॅपटॉपकडे मी स्वतःच माझी शिफारस केली होती. पण तेव्हा माझी खात्रीच झाली होती, की संपूर्ण महाराष्ट्राचे फोन एकाच वेळी बिघडले आहेत.

पन्ह्याचा पेला हातात होता आणि तळपायाची आग मस्तकात गेली होती. मग मला उपाय सुचला. माझ्या लॅपटॉपला जसं सांगितलं, तसंच प्रत्येकाने आपापल्या फोनला सांगितलं की झालं! मी दाखल्याची फाइल उचलली आणि ग्रुपवर पाठवली. खाली सूचना: “सोबतची फाइल उघडावी. फोन धोक्याची सूचना देईल, तिकडे दुर्लक्ष करावे. ‘विश्वास आहे’ यावर बोट ठेवावे. मग पैसे भरता येतील. टाळाटाळ करू नये. आपला, मुख्याध्यापक (निवृत्त).”

शाळेत अशी सूचना फळ्यावर लागली की दुपारपर्यंत अंमलबजावणी व्हायची. इथे दुपारपर्यंत एकाही गिऱ्हाइकाने उत्तर दिलं नाही. उलट चार-पाच जण न बोलता ग्रुप सोडून गेले.

जेवण झालं आणि आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. वाचून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

“सावधान! आंब्याच्या नावाखाली नवीन सायबर फसवणूक! एक भामटा स्वतःला निवृत्त मुख्याध्यापक म्हणवून घेतो, दमदाटीच्या भाषेत फाइल पाठवतो आणि ती उघडून पैसे भरायला सांगतो. फाइल उघडू नका! सर्वांना कळवा!”

मुख्याध्यापकाचं नाव घेऊन! निर्लज्जपणाला काही सीमा? पोरांना घडवणाऱ्या पेशाची ही विटंबना! आणि बदनाम कोण होणार, तर आमचा आंबा! मी एक क्षणही दवडला नाही. मेसेज उचलला, वर माझी टिप्पणी जोडली, “अशा नीच माणसाला भर चौकात उभा करून जाब विचारला पाहिजे!” आणि पाठवला. मित्रांना पाठवला, नातेवाइकांना पाठवला, माजी विद्यार्थ्यांच्या झाडून सगळ्या तुकड्यांना पाठवला आणि शेवटी सुलभाच्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवरही पाठवला. समाजासाठी काहीतरी केल्याच्या समाधानात जरा आडवा झालो.

डोळा लागतोय तेवढ्यात सुलभा फोन घेऊन आली.

“अहो, हे ग्रुपवर तुम्ही टाकलंत?”

“होय. लोकांना सावध करायला नको?”

“आणि त्याच्या वर ती फाइल कोणाची?”

“ती माझीच.”

“‘टाळाटाळ करू नये’ कोणी लिहिलं?”

“मीच.”

“मग तो भामटा कोण?”

मी पुन्हा मेसेज वाचला. निवृत्त मुख्याध्यापक. आंबा. दमदाटीच्या भाषेत फाइल. मी सावकाश उठून बसलो.

“दमदाटी कुठे केली मी?” मी म्हणालो. “साधी सूचना होती!”

तेवढ्यात विलास आला. हातात मिरकरवाडा बंदरावरून आणलेली सुरमई, आणि चेहरा सुरमईपेक्षा पडलेला.

“दादा, मी लिलावात उभा होतो. शेजारच्या माणसाने मला फोन दाखवला. म्हणाला, बघा हो, कसले कसले लोक असतात. वर तुझ्याच नावाने आलेला मेसेज! तू आपल्याच नावाने बोंब मारतोस, आणि तीसुद्धा गावभर?” मग तो हळू आवाजात म्हणाला, “वहिनी, कॅनिंगवाल्याला फोन करून ठेवू काय? उद्या गाडी सांगावी लागेल.”

सुलभाने हातातला फोन खाली ठेवला. माजघरात गेली, अढीजवळ बसली आणि एकेक आंबा उलटून बघू लागली. तिने माझ्यावर ओरडायला हवं होतं, ते मला सवयीचं आहे. ती ओरडली नाही. मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट, की थोडा वेळ मी संतापायचंही विसरलो.

फोन मीच लावला मुग्धाला. मीटिंगमधून उठून बाहेर आली बिचारी. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बाबा, मी फार चांगला आहे, असं ज्याने-त्याने स्वतःच लिहून दिलं तर जग का विश्वास ठेवेल?”

“सरकार ठेवतं!”

“सरकारला तुमचं घर माहीत असतं, बाबा. खोटं निघालं तर दारात पोलीस येतो. मोबाइल कुणाच्या दारात जाणार?”

मी विषय बदलून विचारलं, की आता काय. तिने मीटिंग सोडून तेच फुकटचं, तीन महिन्यांचं साधन चालवलं. मला वाटलं, आता चौकशी होईल. नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय, किमान चारित्र्याचा दाखला. छे! त्या त्रयस्थाने एवढंच सांगितलं, की मी देतो तो एक छोटासा कागद तुमच्या साइटवर ठेवून दाखवा, म्हणजे साइट तुमच्या ताब्यात आहे हे कळेल. तिने ठेवला, त्याने बघितला, दाखला दिला. सुरमईचे तुकडे करून होईतो सगळ्यांच्या फोनवर कुलूप आलं.

“एवढंच? मी कोण, हे विचारलंसुद्धा नाही?”

“नाही, बाबा. आणि यापुढे मुदत संपली की नवा दाखला आपोआप येईल. कोणी काही करायचं नाही. कोणीही!”

कुलूप आलं, पण गिऱ्हाईक कुठे होतं? ग्रुपवर स्मशानशांतता. मी म्हटलं, “सुलभा, मी एक सविस्तर निवेदन काढतो. दाखला म्हणजे काय, स्वसाक्षांकनाचा इतिहास, माझी सेवा, मला मिळालेला जिल्हा पुरस्कार—”

“तुम्ही,” सुलभा म्हणाली, “फोन खाली ठेवा.”

तिने माजघराच्या उंबऱ्यावर बसून स्वतः चार ओळी लिहिल्या. “नमस्कार. साइट आता ठीक आहे. आंबा आमचाच आहे आणि रविवारी तयार होतोय. दोन दिवस जे काही झालं ते कुणा चोराने केलेलं नाही. आमच्या ह्यांनी केलं. ते रिटायर्ड हेडमास्तर आहेत. सांभाळून घ्या. सुलभा.”

मी कडाडून हरकत घेतली. ‘ते रिटायर्ड हेडमास्तर आहेत’ हे काय आजाराचं नाव आहे? पण मेसेज गेला होता. दहा मिनिटं काहीच नाही. मग देसाईबाईंचं उत्तर आलं, “वहिनी, अगदी समजलं. आमच्याकडे रिटायर्ड कर्नल आहेत. चार पेट्या पाठवा.” पाठोपाठ ठाणं, “आमच्याकडे रिटायर्ड इंजिनिअर. दोन.” नाशिक, “आमचे अजून रिटायर व्हायचेत, आत्ताच ही परिस्थिती. तीन पेट्या.” ग्रुप सोडून गेलेल्या बायका परत आल्या, येताना मैत्रिणींना घेऊन आल्या. कुणी म्हणून कुणी पुरावा मागितला नाही, दाखला बघितला नाही. नवरा म्हटल्याबरोबर महाराष्ट्रभर सगळ्यांची खात्री पटली!

शनिवारी संध्याकाळपर्यंत अढीतल्या एकूण एक आंब्याची नोंदणी झाली. विलास पेट्यांना खिळे ठोकता ठोकता म्हणाला, “वहिनी, पुढच्या वर्षी पण वाशी नको. तुम्हीच विकाल काय?” सुलभाने मोठ्या मनाने होकार दिला. मी तिथेच उभा होतो. मला कोणी काही विचारलं नाही.

रविवारी सुलभा पेट्या चढवायला बाहेर गेली असताना तिचा फोन वाजला. नवीन गिऱ्हाईक होतं, साताऱ्याचं, देसाईबाईंची मैत्रीण. मी घसा खाकरून फोन उचलला.

“आंबा अस्सल रत्नागिरीचा आहे ना हो? खात्रीचा?”

“शंभर टक्के!” मी छाती पुढे काढून म्हणालो. “मी स्वतः खात्री देतो.”

पलीकडचा आवाज एकदम सावध झाला.

“आपण... हेडमास्तर का?”

“होय!”

“बरं बरं,” त्या बाई अत्यंत मायेने म्हणाल्या. “तुम्ही आता कशालाही हात लावू नका हं. वहिनी आल्या की मी करते परत फोन.”